स्टेशन आधी, गाव नंतर



आजचा विषय अगदी घरचा आहे, म्हणजे अक्षरशः घराचा. नोकरी लंडनमध्ये आणि घर लंडनच्या कडेला, हे गणित आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी मांडलेलं असतं. गणपतीला, दिवाळीच्या फराळाला, मुलांच्या वाढदिवसाला चार कुटुंबं जमली की विषय निघतोच. हॅरो बरं की पिनर? स्लाउला थांबावं की थेट रेडिंग गाठावं? मिल्टन कीन्सला त्याच पैशात बाग मोठी मिळते, पण शेवटची गाडी चुकली तर? प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट असते आणि प्रत्येकाच्या शीटमध्ये उत्तर वेगळं येतं.

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. एखाद्या कंपनीची जुनी सिस्टिम पाहायला गेलो की मी आधी एवढंच विचारतो: ही कोणी बांधली, कोणाच्या पैशाने बांधली, आणि त्या वेळी त्याला काय हवं होतं? निम्मी कोडी तिथेच सुटतात. हाच प्रश्न लंडनच्या उपनगरांना विचारून पाहिला, तर फार रंजक इतिहास हाती लागतो. आणि तो नुसता रंजक नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना तो उपयोगीही पडतो.

चला तर, बेकर स्ट्रीटला मेट्रोपॉलिटन लाईनची गाडी पकडू आणि वायव्येला निघू.

मेट्रोपॉलिटन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ती लोकांसाठी सुरू झाली. भुयारात वाफेचं इंजिन, सगळीकडे धूर, तरीही माणसं गर्दी करून बसली. पण शहराच्या पोटातली छोटी रेल्वे एवढ्यावर कंपनीचं समाधान नव्हतं. १८७२ साली सर एडवर्ड वॉटकिन अध्यक्ष झाले. हे गृहस्थ एकाच वेळी अनेक रेल्वे कंपन्यांचे प्रमुख होते, आणि मँचेस्टरहून निघालेली गाडी लंडनमधून, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून थेट पॅरिसला न्यायची हे त्यांचं स्वप्न होतं. त्या स्वप्नाचा एक तुकडा म्हणून मेट्रोपॉलिटन वायव्येकडे सरकू लागली. १८७९ साली विल्सडेन ग्रीन, १८८० साली हॅरो, १८८५ साली पिनर, १८८७ साली रिकमन्सवर्थ, १८९२ साली एल्सबरी. त्याच्याही पलीकडे व्हर्नी जंक्शन, बेकर स्ट्रीटपासून सुमारे ५० मैलांवर, बकिंगहमशायरच्या शेतांच्या मधोमध.

आता गंमत बघा. या मार्गावर तेव्हा बरीचशी शेतं, कुरणं आणि छोटी खेडी होती. मोठ्या वस्तीला गाडी हवी होती म्हणून रेल्वे गेली, असं नव्हतं. रेल्वे आधी गेली. मग प्रश्न उभा राहिला: या गाड्यांमध्ये बसणार कोण?

वॉटकिन यांचं पहिलं उत्तर जरा भव्य होतं. वेम्बली इथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायचा, म्हणजे लोक तो पाहायला गाडीने येतील. वेम्बली पार्क स्टेशन १८९४ साली सुरू झालं, मनोऱ्याचा पहिला मजला १८९६ साली उघडला, आणि काम तिथेच थांबलं. १९०७ साली तो अर्धवट सांगाडा पाडून टाकला. पुढे त्याच परिसरात वेम्बली स्टेडियम उभं राहिलं आणि १९२४-२५ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं.

दुसरं उत्तर साधं होतं आणि तेच टिकलं. माणसं रोज गाडीत बसायला हवीत, तर ती स्टेशनाजवळ राहायला हवीत. म्हणजे घरंच बांधायची.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची ठरली. त्या काळी रेल्वेसाठी जमीन घेतली आणि त्यातली काही उरली, तर ती ठरावीक मुदतीत विकून टाकणं इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांना बंधनकारक असे. रेल्वेने जमिनीचा धंदा करू नये, हा हेतू. मेट्रोपॉलिटनला मात्र तिच्या खास कायद्यांमुळे उरलेली जमीन स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली होती. तिने विल्सडेन आणि पिनरकडे घरांची छोटी छोटी कामं काढली. पुढे १९०८ साली रॉबर्ट सेल्बी कंपनीचे जनरल मॅनेजर झाले आणि हा जोडधंदा त्यांनी पद्धतशीर वाढवला. १९१९ साली ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे कंट्री इस्टेट्स’ नावाची वेगळी कंपनी निघाली. मार्गालगतच्या जमिनी घेणं, प्लॉट पाडणं, रस्ते आखणं, घरं बांधणं किंवा बिल्डरांना प्लॉट विकणं हे तिचं काम.

एमबीएच्या वर्गात हे उदाहरण शिकवायला हवं, असं मला नेहमी वाटतं. घर विकून एकदाच नफा होतो. पण त्या घरातला माणूस पुढची तीस वर्षं सीझन तिकीट काढतो. घर हे गिऱ्हाईक मिळवण्याचं साधन, आणि खरी कमाई पासाची. आज आपण ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतो, ते या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी विटा आणि कौलांमध्ये उभं केलं.

मग जाहिरात आली. १९१५ साली कंपनीने या पट्ट्याला नाव दिलं, ‘मेट्रो-लँड’, आणि त्याच नावाची माहितीपुस्तिका १९३२ पर्यंत दरवर्षी काढली. आत हिरवीगार चित्रं, जुनी चर्च, फुलांचे ताटवे, रविवारी फिरायच्या पायवाटा, कोणत्या स्टेशनाजवळ कोणती घरं आणि भाडं किती. दमट, कोंदट लंडन मागे टाका आणि मोकळ्या हवेत या, असा एकूण सूर. मेट्रो-लँड नावाचा कोणताही जिल्हा कधी अस्तित्वात नव्हता. ते एका रेल्वे कंपनीचं घोषवाक्य होतं. पण लोकांनी ते गावाचं नाव असावं तसं वापरलं, आणि आजही वापरतात.

आपल्याकडच्या श्रोत्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १८५३ साली, म्हणजे मेट्रोपॉलिटनच्या दहा वर्षं आधी. विरारहून मुंबईकडे लोकल सुरू झाली १८६७ साली. १९२५ च्या जानेवारीत मेट्रोपॉलिटनची विजेची गाडी रिकमन्सवर्थपर्यंत पोहोचली, आणि त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली. पुढे नवी मुंबईत तर मेट्रो-लँडचाच धडा थोडा वेगळ्या रीतीने गिरवला गेला. तिथे सिडकोने जमीन आधीच हातात घेतली होती, आणि मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली १९९२ साली. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला, आणि तो जमिनीच्या पैशातून. लंडनला रेल्वेने जमीन विकली, नवी मुंबईत जमिनीने रेल्वे आणली. सूत्र एकच: गाडी आली की मातीचं सोनं होतं. प्रश्न एवढाच की ते सोनं कोणाच्या खिशात जातं.

आता त्या काळच्या खरेदीदाराकडे वळू, कारण तो बराचसा आपल्यासारखाच होता. कारकून, शाळामास्तर, विमा कंपनीतला कर्मचारी. आईवडील भाड्याच्या खोल्यांमध्ये राहिलेले, आणि हा घराण्यातला पहिला घरमालक. त्याला हवं होतं ते जोडघर, म्हणजे सेमी-डिटॅच्ड. खाली दोन खोल्या, वर तीन, पुढे बाहेर झुकलेली बे विंडो, मागे बाग. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख नवी घरं बांधली गेली, आणि लंडनचा पसारा साधारण दुप्पट झाला. आज आपण हॅरो, केंटन, स्टॅनमोर, रायस्लिप इथे जी घरं बघायला जातो, त्यांतली कितीतरी याच वीस वर्षांतली आहेत.

वेग केवढा होता, तर रेनर्स लेनचं उदाहरण घ्या. १९०६ साली शेतात उघडलेलं एक छोटं थांबास्थानक. उघड्यावरच्या बोचऱ्या वाऱ्यामुळे लोक त्याला गमतीने ‘न्यूमोनिया जंक्शन’ म्हणत. १९३० साली तिथून वर्षभरात जेमतेम २२ हजार प्रवासी झाले. १९३७ साली तोच आकडा ४० लाखांवर गेला. सात वर्षांत!

या वेगाला पैसा कुठून आला? १९३२ च्या जूनमध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर २ टक्क्यांवर आणला. त्यामागोमाग गृहकर्जाचे दरही उतरले. बिल्डिंग सोसायट्यांकडे ठेवी साचल्या होत्या आणि त्यांना कर्जदार हवे होते. पण साधारणपणे सोसायटी किमतीच्या तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त कर्ज देई, उरलेली रक्कम खरेदीदाराने घालायची. कारकुनाकडे तेवढे रोख पैसे कुठले? म्हणून ‘बिल्डर्स पूल’ नावाची युक्ती निघाली. बिल्डरने सोसायटीकडे काही रक्कम हमी म्हणून ठेवायची, आणि त्या हमीवर सोसायटीने खरेदीदाराला ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचं. खरेदीदाराला वाटायचं, वा, पाच टक्क्यांत घर!

पण जरा थांबून विचार करा. या व्यवहारात बिल्डर आणि कर्ज देणारा एका बाजूला गेले, आणि कुटुंब एकटंच दुसऱ्या बाजूला उरलं. घर कच्चं निघालं तर सोसायटीला बिल्डरच्या ठेवीचा आधार होता. कुटुंबाला कसलाच नव्हता.

हे एका बाईंनी भर न्यायालयात मांडलं. त्यांचं नाव एल्सी बॉर्डर्स. पती टॅक्सी चालवायचे. लंडनच्या दक्षिणेला केंट परगण्यात, वेस्ट विकमजवळच्या कोनी हॉल या नव्या वसाहतीत त्यांनी १९३४ साली घर घेतलं. थोड्याच काळात छप्पर गळू लागलं, भिंतींना ओल आली, लाकूडकामाला कीड लागली. तक्रारींना दाद मिळेना, तेव्हा १९३७ साली एल्सीबाईंनी कर्जाचे हप्ते थांबवले. सोसायटी घराचा ताबा घ्यायला न्यायालयात गेली. बाईंनी उलट दावा लावला: माझ्या घराच्या दर्जाबद्दल माझी फसवणूक झाली, आणि बिल्डरच्या हमीवर दिलेलं हे कर्जच नियमात बसत नाही. वकील न लावता त्या हायकोर्टात स्वतः उभ्या राहिल्या आणि कायद्याची पुस्तकं वाचून दिवसचे दिवस बाजू मांडली. आजूबाजूच्या वसाहतींतल्या शेकडो कुटुंबांनीही हप्ते रोखले. वृत्तपत्रांनी तो ‘मॉर्गेज संप’ गाजवला.

१९३९ साली सोसायटीला ताबा मिळाला नाही, पण बाईंचा नुकसानभरपाईचा दावाही फेटाळला गेला. अपील न्यायालयात बाईंची सरशी झाली. शेवटी १९४१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल सोसायटीच्या बाजूने दिला. म्हणजे खटला त्या हरल्या. पण दरम्यान १९३९ सालीच संसदेने बिल्डिंग सोसायट्यांसाठी नवा कायदा करून पूलच्या पद्धतीवर बंधनं घातली होती. आज घर घेताना आपल्याला ठणकावून सांगितलं जातं की बँकेने केलेलं मूल्यमापन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. त्या एका वाक्यामागे कोणाकोणाच्या ओल्या भिंती आहेत, हे कोनी हॉलची गोष्ट ऐकल्यावर कळतं.

कच्च्या भिंती डोळ्यांना दिसतात. दुसरी एक अडचण मात्र कोणत्याही सर्व्हेत येत नव्हती. १९३८ च्या मार्चमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. स्टीफन टेलर यांचा एक लेख आला, विषय ‘उपनगरी मनोविकार’. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्यांच्याकडे नव्या वसाहतींतल्या तरुण गृहिणी येत. पाठ दुखते, झोप लागत नाही, धाप लागते, वजन उतरतं. तपासावं तर शरीरात दोष सापडत नाही. डॉक्टरांचं निदान होतं एकटेपणा, कंटाळा आणि हप्त्यांची चिंता. नवरा सकाळच्या गाडीने जातो आणि संध्याकाळी परततो. माहेर लंडनच्या जुन्या वस्तीत राहिलं. शेजार नवा, दुकान दूर, दिवसभर बोलायला माणूस नाही. लेखाचा सूर आज वाचताना बराच वरून बोलल्यासारखा वाटतो, दोष बायकांचाच असावा असा. पण त्यांनी टिपलेली गोष्ट खरी होती. मेट्रो-लँडची वेळापत्रकं ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या सोयीने आखलेली होती. जो मागे राहतो त्याच्या दिवसाची आखणी कोणीच केली नव्हती.

मंडळी, आपल्या घरांमध्ये हे ओळखीचं आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागे इथे आलेला जोडीदार, जो पहिली एक-दोन वर्षं घरातच असतो. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, ज्यांना गाडी चालवता येत नाही आणि नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडला की खिडकीत बसून राहावं लागतं. आपल्या एक्सेल शीटमध्ये स्टेशनापर्यंतच्या मिनिटांचा रकाना असतो. घरी असलेल्या माणसाला चालत जाऊन काय काय गाठता येईल, याचा रकाना किती जणांच्या शीटमध्ये आहे?

आता तिसरी गोष्ट, न आलेल्या गाडीची. १९३५ साली लंडनच्या वाहतुकीचा मोठा विस्तार जाहीर झाला. नॉर्दर्न लाईन एजवेअरच्या पुढे बुशी हीथपर्यंत न्यायची, वाटेत ब्रॉकली हिल आणि एल्स्ट्री साउथ अशी स्टेशनं. काम सुरूही झालं. मग महायुद्ध आलं. या मार्गासाठी आल्डनहॅमला डेपो बांधला जात होता, तिथे युद्धकाळात हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांचं काम झालं. युद्ध संपलं, पण दरम्यान लंडनभोवती हिरवा पट्टा राखायचा निर्णय पक्का होत गेला होता. १९३८ चा ग्रीन बेल्ट कायदा, १९४४ ची अबरक्रॉम्बी यांची योजना, १९४७ चा नगररचना कायदा. ज्या शेतांवर घरं उठणार होती, ती शेतंच राहणार हे ठरलं. घरं नाहीत तर प्रवासी कुठले, आणि प्रवासी नाहीत तर रेल्वे कशाला? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना सोडून देण्यात आली. आल्डनहॅमच्या डेपोत पुढे बसगाड्यांची दुरुस्ती होऊ लागली. ब्रॉकली हिलजवळ न झालेल्या पुलाचे विटांचे अवशेष आजही उभे आहेत.

आणि असलेली गाडीसुद्धा कायमची असतेच असं नाही. व्हर्नी जंक्शन आठवतंय? मेट्रोपॉलिटनची प्रवासी सेवा तिथून १९३६ साली बंद झाली. आज मेट्रोपॉलिटन लाईन अ‍ॅमरशम आणि चेशमलाच संपते. आपल्या पिढीचं उदाहरण म्हणजे एलिझाबेथ लाईन. कायदा २००८ चा, उद्घाटन ठरलं होतं डिसेंबर २०१८ मध्ये, प्रत्यक्षात मधल्या भुयारातून गाडी धावली २४ मे २०२२ रोजी. स्लाउ आणि रेडिंगहून गाडी न बदलता मध्य लंडनमध्ये जाता येऊ लागलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. जवळजवळ चार वर्षांचा उशीर! ज्यांनी त्या तारखेच्या भरवशावर मुलाची शाळा, नोकरी आणि हप्ता यांची मोट बांधली असेल, त्यांची ती चार वर्षं कोणी परत देत नाही.

आता शेवटचा आणि थोडा नाजूक प्रश्न. आपली माणसं कुठे आहेत? घर शोधताना हा प्रश्न आपण विचारतोच, आणि विचारण्यात वावगं काही नाही. पण त्यामागचा इतिहासही माहीत असावा. १९६० च्या दशकात रंगाकडे बघून घर नाकारणं या देशात बेकायदा नव्हतं. १९६५ च्या पहिल्या वंशभेदविरोधी कायद्यात घरांचा समावेशच नव्हता. तो झाला १९६८ साली. तोवर येणाऱ्या माणसाला जिथे कोणी दार उघडेल आणि जिथे चालत कामावर जाता येईल, तिथेच राहावं लागे. साउथॉलसारख्या वस्त्या कारखान्यांच्या आणि हीथ्रोच्या आसऱ्याने वाढल्या, त्या काही एक्सेल शीट बघून निवडलेल्या नव्हत्या. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले सुमारे २८ हजार आशियाई लोक इथे आले. हळूहळू वेम्बली, केंटन, हॅरो या पट्ट्यात गुजराती कुटुंबं स्थिरावली. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाज्यांची आणि साड्यांची दुकानं आली, नीसडेनचं स्वामिनारायण मंदिर १९९५ साली उघडलं. जाहिरातींमध्ये ज्या मेट्रो-लँडचं चित्र फक्त इंग्लिश कुटुंबांचं होतं, त्याच घरांच्या बे विंडोत आज दिवाळीचे आकाशकंदील लागतात.

आपण मराठी मंडळी लंडनभर विखुरलेले. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिलला आहे, आणि तिथलं स्टेशनसुद्धा मेट्रोपॉलिटन रेल्वेनेच १९०९ साली उघडलेलं आहे. वर्षातून चार-सहा वेळा आपण तिथे जमतो. म्हणजे आपला समाज शेजारात नसेल, पण गाडीच्या अंतरावर असू शकतो. हा फरक महत्त्वाचा आहे. रोज लागतो तो शेजार, अधूनमधून लागतो तो समाज. घर निवडताना दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा.

या सगळ्यातून मी माझ्यापुरतं एक सूत्र काढलं आहे. उपनगरातलं घर म्हणजे विटा आणि बाग तर खरीच, पण त्यासोबत आपण कोणीतरी दिलेलं वचन विकत घेत असतो. गाडीचं वचन, बांधकामाचं वचन, मोकळ्या शेताचं वचन. तेव्हा प्रत्येक वचनाला विचारायचं: हे देणारा कोण, त्याचा फायदा कशात, आणि हे मोडलं तर भुर्दंड कोणाला?

याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा. जी गाडी आज धावते आहे तिच्याच भरवशावर घर घ्या, येणारी गाडी आली तर तो बोनस समजा. तीही रविवारी दुपारी नव्हे, मंगळवारी सकाळी साडेसातला घरापासून प्लॅटफॉर्मपर्यंत चालत जाऊन अनुभवा. संध्याकाळी त्याच गाडीने परत या. कर्ज देणाऱ्याचं मूल्यमापन झालं म्हणून गाफील राहू नका. आपल्या पैशाने, आपल्यासाठी काम करणारा सर्व्हेअर लावा. १९३० च्या दशकातलं घर असेल तर छप्पर, ओल आणि पाया यांवर खास लक्ष ठेवायला सांगा. मागचं शेत ग्रीन बेल्टमध्ये आहे की नाही, हे एजंटला विचारून भागत नाही. कौन्सिलचा आराखडा स्वतः उघडून बघा.

आणि वेळेचा हिशेब पैशाइतकाच काटेकोर करा. दूरच्या गावामुळे एका बाजूला २५ मिनिटं वाढली, आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस आणि वर्षाचे ४६ आठवडे धरले, तरी वर्षाला ११५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर चौदा दिवसांहून जास्त. भारतात जायला मिळणाऱ्या सुट्टीएवढे! बाग मोठी मिळते हे खरं. त्या बागेत बसायला आपण किती वाजता पोहोचणार, तेही लिहून ठेवा.

सगळ्यात शेवटी, घर बघायला जाल तेव्हा ऑफिसला न जाणाऱ्या माणसाला पुढे करा. आजीला घेऊन वाण्याच्या दुकानापर्यंत चाला. वाचनालय, बाग, दवाखाना, बसचा थांबा चालत गाठता येतो का बघा. लहान मुलाची गाडी ढकलत तो चढ चढून बघा. डॉ. टेलर यांच्याकडे आलेल्या त्या तरुण बायकांना घर घेण्याआधी कोणी हे विचारलं असतं, तर कदाचित त्यांची पाठ दुखली नसती.

मेट्रो-लँड बांधणाऱ्यांनी वाईट घरंच बांधली असं मुळीच नाही. नव्वद-शंभर वर्षांनंतर त्यांतली लाखो घरं उभी आहेत, लोक सुखाने नांदत आहेत, मुलं त्याच रस्त्यांवर सायकल शिकत आहेत. स्टेशन आधी आलं आणि गाव नंतर, हे खरं. पण गाव स्टेशनाने केलं नाही. ते केलं तिथे राहायला गेलेल्या माणसांनी, कोणी ओली भिंत घेऊन न्यायालयात उभं राहून, कोणी दुकान काढून, कोणी शेजारणीच्या दारावर पहिल्यांदा टकटक करून. घर कुठेही घ्या, तेवढं काम आपल्या वाट्याला येणारच आहे.

तुमच्या गावाची, तुमच्या स्टेशनाची अशी काही जुनी गोष्ट ठाऊक असेल तर कार्यक्रमाला जरूर कळवा. नव्या घराच्या शोधात असाल तर मनापासून शुभेच्छा, आणि वास्तुशांतीला बोलवायला विसरू नका. नमस्कार.